ओटा, भिंत, बाल्कनी आणि सिंक: स्वयंपाकघर बदलताना परवानगी नेमकी कशाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये १९९४ साली पूर्ण झालेल्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तुमची दोन बेडरूमची सदनिका आहे. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत काढायची आहे, मागची भांडी-धुण्याची बाल्कनी आत घ्यायची आहे, सिंक खिडकीखालून काढून समोरच्या भिंतीला न्यायचे आहे, पाइप गॅसची शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला हवी आहे आणि चिमणी बसवायची आहे. ठेकेदार म्हणतो की घरातल्या घरात काम आहे, कुणाला विचारायची गरज नाही. वरच्या मजल्यावरचे शेजारी म्हणतात की महापालिकेची परवानगी नसेल तर नोटीस येईल. सोसायटीचे सचिव म्हणतात की आधी पंचवीस हजार भरा, मग बघू. या तिघांपैकी खरे कोण, असे तुम्ही विचारले आहे.

तिघेही अर्धवट खरे बोलत आहेत, कारण प्रत्येक जण वेगळ्याच कामाकडे पाहतो आहे. ठेकेदाराच्या डोळ्यांसमोर ओटा आणि टाइल्स आहेत, शेजाऱ्यांना बाल्कनी दिसते आहे आणि सचिवांना लिफ्टमधून उतरणारा राडारोडा. ‘स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाची परवानगी’ या नावाचा एकच कागद कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. तुम्ही सांगितलेली पाच कामे ही पाच वेगळी प्रकरणे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. मी बांधकामाच्या संरचनेचा अभियंता म्हणून पुण्यात सत्तावीस वर्षे काम करतो आहे. अशा प्रसंगी मी घरमालकाला पहिल्यांदा एवढेच विचारतो, की या कामात हातोडा ज्याला लागणार आहे ते एकट्या तुमचे आहे का. टाइल तुमची असते, ओटा तुमचा असतो. बीम, कॉलम आणि स्लॅब सगळ्या इमारतीचे असतात, बाहेरची भिंत इमारतीची आणि काही अंशी महापालिकेच्या नकाशाची असते, तुमची फरशी खालच्या घराचे छत असते आणि गॅसची नळी पुरवठादार कंपनीच्या देखरेखीखाली असते.

आधी ज्याला परवानगी लागत नाही ते बाजूला काढू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४३ मध्येच अशी सवलत आहे, की इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा फेरफार यांसाठीची जी कामे फक्त आतल्या भागापुरती असतात किंवा ज्यांनी इमारतीच्या बाहेरच्या स्वरूपात लक्षणीय बदल होत नाही, त्यांना विकास परवानगी लागत नाही. जुना ओटा फोडून नवा करणे, कडाप्प्याच्या जागी ग्रॅनाइट घालणे, डॅडोच्या म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स बदलणे, नवा गिलावा, रंग, मॉड्युलर ट्रॉल्या, वरचे कपाट हे सगळे या सवलतीत निःशंक बसते. यासाठी महापालिकेत कुणी अर्ज केला तर तिथला कनिष्ठ अभियंता चकित होईल. ठेकेदाराचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे आणि इथेच संपते.

तुम्ही मालक आहात म्हणून हा मुद्दा तुम्हाला लागू नाही, पण पेठांमधल्या वाड्यांत राहणारे अनेक भाडेकरू हाच प्रश्न विचारतात, म्हणून जाता जाता सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १६ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणे हे भाडेकरूला बाहेर काढण्याचे कारण ठरू शकते. मात्र स्वयंपाकाचा उभा ओटा, धूर जाण्यासाठीची चिमणी, हवेसाठीची आवश्यक खिडकी अशी कामे, जिथे लागेल तिथे महापालिकेच्या परवानगीने केली असतील, तर ती ‘कायमस्वरूपी बांधकामात’ धरली जात नाहीत. चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक ओट्यावर आला त्या काळाची खूण कायद्यात अशी राहून गेली आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आता भिंत. इथे उत्तर पूर्णपणे तुमच्या इमारतीच्या जातीवर अवलंबून आहे आणि ती जात फोटोवरून ओळखता येत नाही. १९९४ च्या आसपास कोथरूडमध्ये कॉलम-बीमच्या सांगाड्याच्या इमारती झाल्या, तशाच भिंतींवर स्लॅब टेकवलेल्या कमी उंचीच्या इमारतीही झाल्या. तुमची इमारत चार मजली आहे आणि खाली पार्किंग असेल, तर बहुधा ती सांगाड्याची असावी. खात्रीसाठी पहिली पायरी तुम्ही स्वतः करू शकता. पार्किंगमध्ये उतरा, कॉलम कुठे कुठे आहेत ते कागदावर मांडा आणि तुमच्या घरातल्या भिंती त्यावर बसवून पाहा. मग स्वयंपाकघराच्या दरवाजाच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी टेपने मोजा. गिलाव्यासह पाच इंचांच्या आसपास भरली तर ती चार इंची विटांची आडभिंत असण्याची शक्यता मोठी. नऊ-दहा इंच भरली तर तिथेच थांबा, कारण ती भिंत वरचा स्लॅब पेलत असू शकते. ज्यांची सदनिका नव्या उंच इमारतीत आहे, त्यांच्यासाठी हा नियम उलटा आहे. वाकड, हिंजवडी, खराडी या भागांतल्या अनेक इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतून केलेल्या आहेत. त्यांना बाजारात मायवान म्हणतात. तिथली बारीक दिसणारी भिंतही काँक्रीटची आणि भार घेणारी असते, तिच्यात दरवाजा मोठा करण्याचाही विचार करू नये.

जाडी मोजणे हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. मी भिंतीच्या वरच्या टोकाला, छतापासून खाली वीतभर गिलावा खरवडून पाहतो. काँक्रीट दिसले तर बीम आहे, विटा थेट स्लॅबला जाऊन भिडल्या असतील तर तिथे बीम नाही. या दुसऱ्या प्रकाराने मला एकदा चांगलाच धडा दिला आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत सिंहगड रस्त्याच्या भागातल्या एका सदनिकेत मी अशीच चार इंची भिंत काढायला होकार दिला होता. नकाशाप्रमाणे ती भार घेणारी नव्हती आणि माझे गणितही चुकलेले नव्हते. भिंत काढली आणि तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या हॉलच्या टाइल्समध्ये हातभर लांबीची तडा गेलेली रेघ उमटली. वर जाऊन पाहिले तेव्हा कळले, की त्या कुटुंबाने नेमक्या त्याच रेषेवर विटांची नवी आडभिंत बांधून पुस्तकांचे भिंतभर कपाट केले होते. त्या वजनाने स्लॅब वर्षानुवर्षे किंचित वाकत गेला होता आणि खालच्या ‘बिनकामाच्या’ भिंतीवर टेकला होता. नकाशाने जे काम त्या भिंतीला दिले नव्हते, ते तिने गुपचूप अंगावर घेतले होते. स्लॅबला टेकू देऊन, खालून लोखंडी बीम घालून ते प्रकरण निस्तरले, पण त्याचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही घरांनी सोसले.

तेव्हापासून मी भिंत काढण्याचे पत्र देण्यापूर्वी वरचे आणि खालचे घर आतून पाहतो, आणि कुणी दार उघडले नाही तर पत्र देत नाही. भिंत काढतानाही वरून सुरुवात करायला सांगतो. छताला लागलेला विटांचा एकच थर आधी काढायचा, टेकू लावून ठेवायचे, दोन दिवस थांबायचे आणि मगच उरलेली भिंत हाताने उतरवायची. ब्रेकर मशीन लावून एका दुपारी भिंत सपाट करणारा ठेकेदार वेळ वाचवतो हे खरे, पण पुण्यातल्या तीस वर्षांच्या स्लॅबला तो धक्का सोसावा लागतो.

या भिंतीला महापालिकेची परवानगी लागते का? भार न घेणारी आतली आडभिंत काढणे हे माझ्या मते कलम ४३ च्या सवलतीत बसते. मात्र बीम, कॉलम, स्लॅब किंवा भार घेणारी भिंत यांपैकी कशालाही हात लागणार असेल, तर ‘आतलेच काम आहे’ या युक्तिवादावर विसंबू नये. कायद्याच्या शब्दांवर वाद घालता येईलही, पण सुरक्षिततेची जबाबदारी त्याने टळत नाही. तिथे परवानाधारक संरचना अभियंत्याचे गणित, त्याचे प्रमाणपत्र आणि वास्तुविशारदामार्फत महापालिकेकडे रीतसर प्रस्ताव हाच मार्ग आहे. इमारत नवी असेल तर आणखी एक व्यावहारिक कारण आहे. रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले संरचनेचे दोष विकसकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात, पण तुम्ही मध्ये भिंत पाडलेली असली तर दोष तुमच्या फोडाफोडीने आला असे तो म्हणणार, आणि ते खोडून काढणे तुम्हाला जड जाईल.

बाल्कनी हा तुमच्या यादीतला सर्वांत गंभीर भाग आहे आणि तुम्ही तो एका वाक्यात उरकला आहे. शेजाऱ्यांचे म्हणणे खरे ठरते ते इथे. बाल्कनी बंद करून खोलीत घेतल्याने इमारतीचे बाहेरचे स्वरूप बदलते, त्यामुळे कलम ४३ ची सवलत उरत नाही. शिवाय त्या काळातल्या मंजुऱ्यांमध्ये बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत चटई क्षेत्रात, म्हणजे भूखंडावर परवानगी असलेल्या एकूण बांधकामाच्या हिशेबात, मोजली जात नसे. ती खोलीचा भाग झाली की तुम्ही मंजूर न झालेले क्षेत्र वापरू लागता. सध्या मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली आणि तिने चटई क्षेत्र मोजण्याची पद्धतच बदलली, पण तुमच्या इमारतीची मंजुरी जुन्या नियमांखालची आहे. म्हणून आज असा प्रस्ताव मान्य होईल की नाही, हे भूखंडावर चटई क्षेत्र शिल्लक आहे का, बाल्कनी बाजूच्या मोकळ्या अंतरात किती पुढे आली आहे, अधिमूल्य म्हणजे महापालिकेचे जादा शुल्क भरून नियमित होते का आणि सोसायटी मालक म्हणून सही करते का, या चार गोष्टींवर ठरेल. त्याचे उत्तर वास्तुविशारद मंजूर नकाशा पाहून देऊ शकेल, मी किंवा अन्य कुणी दुरून देऊ शकणार नाही.

‘सगळ्यांनीच बंद केल्या आहेत’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. ते खरे आहे आणि कुणाच्याही कामाचे नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६० ची किंवा नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस एकाच घराला येते, आणि ती बहुधा शेजारच्या तक्रारीवरून येते. अनधिकृत बांधकामावर कलम २६७-अ प्रमाणे मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती म्हणजे दंड लागू शकतो. आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. सदनिका विकताना खरेदीदाराच्या बँकेचा मूल्यांकनकार नकाशा हातात घेऊन खोल्या मोजतो, तेव्हा ही बाल्कनी पुन्हा समोर येते.

कागदपत्रे सगळी जुळली तरी माझ्या क्षेत्रातला आक्षेप शिल्लक राहतोच. तुमची बाल्कनी बहुधा पुढे काढलेल्या लोंबत्या स्लॅबवर आहे. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे घराच्या बाल्कनीला दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरतात आणि बाहेरच्या कडेवर दर मीटरला सुमारे १५० किलो. आता त्या कडेवर नऊ फूट उंचीची चार इंची विटांची भिंत उभी केली, तर गिलाव्यासह तिचे वजन दर मीटरला सहाशे ते सातशे किलो भरते. अर्धा कठडा आधीपासून तिथे होता असे धरले तरी उरलेले वजन नवेच आहे, आणि ते स्लॅबच्या सर्वांत नाजूक टोकावर आहे. लोंबत्या स्लॅबच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात. त्या बाल्कनीत तीस वर्षे भांडी घासली गेली आहेत, वॉशिंग मशीनचे पाणी सांडले आहे. वरच्या सळया गंजलेल्या असतील तर खालून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. अशा स्लॅबवर ग्रॅनाइटचा ओटा आणि फ्रिज नेण्याला मी सही देत नाही.

त्याऐवजी मी बहुतेकांना सुचवतो तो पर्याय असा. बाल्कनी बाल्कनीच राहू द्या. स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामध्ये जो दरवाजा आणि खिडकी आहे, त्यातल्या खिडकीखालची भिंत लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) रुंदीएवढीच काढून तिथे सरकता काचेचा दरवाजा बसवा. लिंटेलला हात लागत नाही, बाहेरून इमारत आहे तशीच दिसते, उजेड वाढतो आणि मशीन-भांडी बाहेरच राहतात. उंबऱ्याला दोन इंचांचा ग्रॅनाइटचा पट्टा मात्र ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पाणी ट्रॉल्यांखाली येईल.

सिंक हलवण्याला महापालिका विचारत नाही, पण भांडणे सर्वांत जास्त इथूनच निघतात. स्वयंपाकघराला संडास-बाथरूमसारखा खोलगट स्लॅब बहुधा नसतो. सिंक समोरच्या भिंतीला नेले की सांडपाण्याची नळी बाहेरच्या डक्टपर्यंत (नळ्यांसाठीच्या उभ्या पोकळीपर्यंत) आठ-दहा फूट आणावी लागते आणि तिला दर मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर उतार हवा. फरशीखाली एवढी जागा नसते. मग प्लंबर छिन्नीने स्लॅब फोडायला निघतो, तेव्हा त्याला थांबवायचे, कारण आता तो खालच्या घराच्या छतात उतरलेला असतो. नळी ओट्याच्या मागच्या बाजूने, फरशीच्या वर, कपाटाच्या पायांमागे नेता येत असेल तरच हा बदल करावा. मधे दरवाजा येत असेल तर सिंक जिथे आहे तिथेच ठेवावे, हे माझे स्पष्ट मत आहे. फरशी उखडणार असाल तर जलरोधक थर दिल्यावर ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या कुटुंबाला घेऊन त्यांच्या छताचे फोटो काढा, काम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि पाणी काढल्यावर एकदा. खालच्या घरात जुनी ओल असेल तर ती पहिल्या फोटोत दिसते, आणि पुढे त्या ओलीचे पालकत्व तुमच्याकडे येत नाही.

चिमणीचे काम किरकोळ वाटते, पण त्यातली एक चूक मी वारंवार पाहतो. धुराच्या नळीला सहा इंचांचे भोक लागते आणि चिमणीच्या वर, छताखाली ती नळी सोयीने जिथे बाहेर निघते, नेमका तिथेच बीम असतो. कोअर कटिंगवाल्याच्या यंत्राला वीट आणि बीम सारखेच. सळई लागली की आवाज बदलतो आणि पाण्याबरोबर राखाडी लगदा येऊ लागतो, पण तोपर्यंत सळई कापली गेलेली असते. नळी बीमच्या खालून वळवा किंवा खिडकीच्या वरच्या झरोक्यातून काढा. एखादे वळण वाढले तर चिमणीची ओढ थोडी कमी होईल, तेवढे चालते. तिचे तोंड शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडतात अशा अरुंद डक्टमध्ये सोडू नका.

गॅसच्या बाबतीत मी कसलीही सूट देत नाही. पुणे परिसरात पाइप गॅस महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडून येतो. मीटरनंतरची नळी लांबवायची किंवा हलवायची असेल तर कंपनीकडे ग्राहक म्हणून विनंती नोंदवायची आणि त्यांच्या अधिकृत माणसाकडूनच काम करून गळतीची चाचणी घ्यायची. पाण्याच्या प्लंबरला हे काम देऊ नये. मॉड्युलर स्वयंपाकघराचे डिझाइनर मीटर आणि व्हॉल्व्ह कपाटात लपवतात, ते करू देऊ नका. व्हॉल्व्हपर्यंत हात एका क्षणात पोहोचला पाहिजे. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, म्हणून गळला तर वर साठतो आणि त्याला वरचा झरोका लागतो. सिलिंडरचा गॅस जड असतो आणि जमिनीलगत साठतो. बाल्कनी बंद करण्याला माझा दुसरा विरोध याच कारणाने आहे. जोडणी देताना ज्या झरोक्याचे तोंड मोकळ्या हवेत होते, ते बंद बाल्कनीनंतर दुसऱ्या एका बंद खोलीत उघडते.

विजेचे थोडक्यात सांगतो. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो पाहा. जुन्या जोडण्यांचा भार बहुधा कमी असतो आणि एकट्या इंडक्शन शेगडीला दोन किलोवॉट लागतात. ओव्हन, डिशवॉशर आणि गीझर मिळून मंजूर भार ओलांडत असेल तर भारवाढीचा अर्ज करा. वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून त्याचा चाचणी अहवाल घ्या, आणि स्वयंपाकघरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा.

आता सचिवांचे पंचवीस हजार. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेत भर घालण्यापूर्वी किंवा फेरफार करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते, म्हणून विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असतात. त्यांना १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा आणि घोषणापत्र लागू होते. तुमची कुठल्या प्रकारची आहे हे खरेदीखतात पाहा, कारण अर्ज कुणाला करायचा ते त्यावर ठरते. पैशांबाबत माझा सल्ला असा आहे, की रक्कम सर्वसाधारण सभेच्या ठरावाप्रमाणे, परत मिळणारी अनामत म्हणून, पावती घेऊनच भरावी. ठराव नाही, पावती नाही आणि परत मिळण्याची तारीख नाही, असे असेल तर नम्रपणे लेखी विचारणा करावी. बहुतेक वेळा पत्र गेल्यावर आकडा कमी होतो.

सचिवांना तोंडी पटवत बसण्यापेक्षा अर्जासोबत सध्याचा आणि प्रस्तावित आराखडा, कामांची यादी, माझ्यासारख्या अभियंत्याचे पत्र, कामाचा कालावधी आणि वेळा द्या. दुपारी दोन ते चार हातोडा बंद आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत फोडाफोडी नाही, हे तुम्ही स्वतःहून लिहिले तर निम्मा विरोध मावळतो. राडारोड्याची सोयही लिहा. २०१६ मध्ये केंद्राने बांधकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम केले, तेव्हापासून तो घरच्या कचऱ्यात मिसळता येत नाही. तुमच्या कामात साधारण दोन टेम्पो निघतील. ते महापालिकेच्या यंत्रणेकडे जातील याची पावती ठेकेदाराकडून मागा, नाहीतर रात्री ते मुठेच्या काठावर ओतले जातात आणि पोत्यावर तुमच्या इमारतीचे नाव सापडते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण १९९४ ची इमारत आणि कोथरूड म्हटल्यावर ती विचारलीच पाहिजे: तुमच्याकडे पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे का? सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या पुनर्विकास प्रक्रियेची पहिली सभा झालेली असेल तर सात-आठ लाखांचे स्वयंपाकघर तीन-चार वर्षांसाठीच होईल. तसे असेल तर ओटा, टाइल्स आणि वायरिंग एवढ्यावर थांबावे.

तेव्हा क्रम असा धरावा. सोसायटीकडे मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (इमारत वापरण्यास महापालिकेने दिलेला दाखला) मागा. त्यांच्याकडे नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून महापालिकेकडून प्रत मिळवा, त्याला तीस दिवस धरा. नकाशा हातात आल्यावर अभियंत्याला घर दाखवा, वरच्या-खालच्या घरांसह. भिंत निघू शकते असे त्याने लिहून दिले तर सोसायटीला अर्ज करा. बाल्कनीचा हट्ट असेलच तर वास्तुविशारदामार्फत महापालिकेकडे वेगळा प्रस्ताव द्या आणि उत्तर येईपर्यंत तिला हात लावू नका. साठ दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मानली जाते अशी तरतूद नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये आहे. मात्र प्रस्ताव नियमांत बसत असेल तरच ती उपयोगी पडते, त्यामुळे तिच्या भरवशावर भिंत बांधू नये. गॅस कंपनी आणि महावितरण यांचे अर्ज याच काळात समांतर करता येतात.

ठेकेदाराला मोठी आगाऊ रक्कम सोसायटीचे पत्र आल्याशिवाय देऊ नका, आणि ट्रॉल्यांची मापे भिंत उतरून नवा गिलावा पूर्ण झाल्यावरच घ्यायला सांगा. जुन्या घरात कोपरे काटकोनात नसतात. तुमच्या त्या भिंतीमागे काय निघते, ते पाहिल्यानंतर ओट्याची लांबी दोन-तीन इंचांनी तरी बदलणार आहे.